पॉइंट चार ब्रिक्स

गेल्या वर्षीच्या द्राक्ष हंगामात मी दिवसाला बारा लिटर पाणी पीत होते. हा अंदाज नाही. घरात एक लिटरची स्टीलची बाटली आहे, ती किती वेळा भरली ते मी मोजत होते. पाणी पिऊन बाटली खाली ठेवेपर्यंत घसा पुन्हा कोरडा पडायचा. माठातलं पाणी चालायचं नाही, फ्रिजमधलं गारच लागायचं. आणि जेवढं आत जायचं तेवढं तासाभरात बाहेर. रंग नाही, वास नाही. नळाचं पाणी दिसतं तसं.

मी दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये क्वालिटी बघते. बागेतून क्रेट येतात, बायका घड निवडतात, खराब मणी कात्रीने काढतात, प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत भरतात, वजन होतं आणि माल थंड खोलीत जातो. तिथून कंटेनरने परदेशी. प्रत्येक बागेच्या मालातले चार मणी पिळून त्यांचा थेंब ब्रिक्स मीटरवर टाकायचा आणि साखर किती भरली ते लिहायचं, हे माझं काम. साखर सोळाच्या खाली आली तर गाडी परत. शेतकरी समोर उभा असतो, त्यामुळे हे काम कडक तोंडाच्या बाईला देतात. मी ते अकरा वर्षं करते आहे.

त्या वर्षी हंगामाआधी नवा इन्चार्ज आला. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान, इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात दर वाक्याला एक हिंदी शब्द. कामात हुशार होता, हे मी मान्य करते. त्याच्या हाताखाली माल कमी नापास व्हायला लागला. समोर मी त्याला 'सर' म्हणत असे. इथे म्हणणार नाही.

डिसेंबरात, हंगामाची तयारी चालू असताना, मी क्रेट धुण्याच्या रॅम्पवर घसरून पडले. पाणी सांडलेलं होतं, रबरी मॅट टाकलेली नव्हती. डोक्याचा मागचा भाग काँक्रीटवर आपटला. दोन दिवस दवाखान्यात होते. इन्चार्ज भेटायला आला, केळी घेऊन. म्हणाला, "मॅडम, केसपेपरवर घराजवळ स्कूटीवरून पडले असंच लिहायला सांगा. पुढे ऑडिट आहे, खालीपिली कागद वाढतील." मीही हो म्हणाले. मालकाच्या मागे ऑडिट लागलं तर काम थांबतं, काम थांबलं तर आम्हालाच घरी बसायचं, एवढा हिशेब मी तेव्हा केला. ती माझी चूक. ती मी त्याच्या नावावर टाकत नाही.

आठवडाभरात तहान सुरू झाली. पडण्याशी तिचा संबंध असेल असं कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. सगळ्यांनी एकच शब्द काढला: शुगर. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवी तपासली. शुगर नाही, इन्फेक्शन नाही. "पाळी जायचं वय आहे, त्यात टेन्शन," ते म्हणाले. "पाणी जरा कमी प्या, सवय मोडेल."

नवरा एकलहऱ्याला वीज केंद्रात आहे. तो म्हणाला, "आमच्या कूलिंग टॉवरला तुझ्यापेक्षा कमी लागतं."

"मग मला तिकडे बसवा," मी म्हणाले.

जानेवारीत पॅकहाउस सुरू झालं. हॉलमध्ये पाण्याची बाटली न्यायला बंदी. परदेशी माल आहे, त्यामुळे नियम ठीक आहे. पाण्याचा जार बाहेर, गेटजवळ. बायकांसाठी संडास दोन, त्यातल्या एकाला कुलूप, ऑफिसच्या पाहुण्यांसाठी राखलेला. आणि नव्या साहेबांची नवी पद्धत: लाल प्लास्टिकचा एक बिल्ला. ज्या बाईला जायचं तिने तो साहेबांच्या टेबलावरून उचलायचा, आल्यावर परत ठेवायचा. बायका पस्तीस, बिल्ला एक. शेजारी एक वही. नाव, गेल्याची वेळ, आल्याची वेळ.

बाकीच्या बायकांना याचा फार त्रास झाला नाही, कारण त्या पाणी पीतच नव्हत्या. हे आमच्याकडचं जुनं आहे. बागेत छाटणीला जाणाऱ्या, कांदा काढायला जाणाऱ्या, सगळ्या बायका सकाळी अर्धा कप चहा घेतात आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पाण्याला हात लावत नाहीत. आडोसा नसतो म्हणून लागलेली सवय, संडास असलेल्या ठिकाणीही तशीच. त्यामुळे वहीत एकेकीच्या नावासमोर दिवसात एक नोंद, फार तर दोन. माझं नाव पानभर.

नाशिकमध्ये पावसाळाभर गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे रोज पेपरात येतं. इन्चार्जने ते माझ्यावर लावलं. मी बिल्ला उचलला की तो हॉलभर ऐकू जाईल असं विचारायचा, "मॅडम, आजचा विसर्ग किती?" मालाची गाडी भरणारे हमाल हसायचे. मग तेही विचारायला लागले. बागायतदार गाड्या घेऊन यायचे, त्यांच्यासमोरही. ज्या माणसाची गाडी मी कालच परत लावली त्याच्यासमोर मला धरण म्हटलं की माझ्या ब्रिक्सच्या आकड्याला काय वजन उरणार? हे मी त्याला एकदा बाजूला घेऊन सांगितलं.

तो म्हणाला, "मजाक आहे मॅडम. दिल पे मत लो. आणि खरं सांगू? बाकीच्या पण बायकाच आहेत ना? त्यांना कसं जमतं?"

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी कंटेनर दारात लागला होता आणि माल कमी पडत होता. सगळ्यांना लाइनवर घेतलं, मलाही. इन्चार्जने बिल्ला उचलला आणि खिशात घातला. "कंटेनर जाईपर्यंत कोणी हलायचं नाही."

मी तीन वेळा त्याच्याकडे गेले. पहिल्यांदा तो फोनवर होता. दुसऱ्यांदा म्हणाला, "दहा मिनिटं." तिसऱ्यांदा तो हमालांशी बोलत होता, तिथूनच वळून म्हणाला, "मॅडम, धरणाला दरवाजे असतात. बंद ठेवायला शिका."

पाऊण तासाने, पांढरा अ‍ॅप्रन घालून, डोक्याला जाळी लावून, पस्तीस बायकांमध्ये उभी असताना मला कपड्यांत झाली. थोडीथोडकी नाही. बुटांतून फरशीवर आली आणि उतारावरून टेबलाखाली गेली.

इन्चार्ज दोन पावलं मागे सरला. "पुसून घ्या," तो म्हणाला. "एक्स्पोर्टचा हॉल आहे."

माझ्या शेजारी दिंडोरीकडच्या एका खेड्यातल्या मावशी माल निवडत होत्या. साठीच्या, आमच्यात सगळ्यांत जुन्या. त्यांनी कात्री ठेवली आणि पायाजवळची हात धुण्याच्या औषधी पाण्याची बादली पायाने लोटून दिली. सगळीकडे पाणीच पाणी झालं. "माझ्या हातनं सांडली, साहेब," त्या म्हणाल्या. "आता समदंच पुसावं लागंल. थांबवा लाइन." लाइन थांबली. मला हाताला धरून त्यांनी बाहेर नेलं आणि स्वतःचं जादा लुगडं नेसायला दिलं. ते त्या रोज पिशवीत का ठेवत हे मी विचारलं नाही.

उद्यापासून ही बाई येणार नाही, असं इन्चार्जने कोणाला तरी सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. मी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गाडीने गेले. त्याने मला क्वालिटीच्या टेबलावरून काढून क्रेट धुण्यावर टाकलं. "पाण्याची आवड आहेच," तो म्हणाला. माझ्या जागी नुकतीच लागलेली एक मुलगी बसवली. तिला मीटर शून्यावर आणायचं असतं हेही माहीत नव्हतं. ते मी तिला शिकवलं, कारण मीटरशी माझं काही वाकडं नव्हतं.

क्रेट धुताना डोकं रिकामं असतं. मी घरी जाऊन लघवीचा जुना रिपोर्ट काढला. शुगर नाही, पू-पेशी नाहीत, सगळ्यापुढे नॉर्मल. फक्त एका ओळीत, 'विशिष्ट गुरुत्व', आकडा खालच्या मर्यादेच्याही खाली होता. डॉक्टरांनी त्याकडे बघितलं नव्हतं. मी बघितलं, कारण ती माझ्या कामाची भाषा होती. पाण्यात किती काय विरघळलंय, एवढाच त्याचा अर्थ. ब्रिक्स मीटर तेच तर मोजतं. त्याला साखर कळत नाही. प्रकाश किती वाकला ते कळतं. विरघळलेलं काहीही चालतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्या मुलीकडून मीटर मागून घेतलं आणि बायकांच्या संडासाबाहेरच्या बेसिनवर ठेवलं. माझा थेंब टाकला. पॉइंट चार. साधं पाणी शून्य दाखवतं. पण नुसत्या माझ्या आकड्याला अर्थ नव्हता, तुलनेला दुसरा नमुना हवा. मावशी तिथेच हात धूत होत्या. मी त्यांना एका कपात नमुना मागितला.

"कशाचा?"

मी सांगितलं.

"येडी का खुळी तू," त्या म्हणाल्या, पण कप घेऊन आत गेल्या. आतून आवाज आला, "सकाळपासनं पाणी नाय पोटात. येतंय का बघते." चमचाभर आणलं. चहासारखं दिसत होतं. मीटरवर सहा पॉइंट दोन.

तोवर आणखी दोघी जमल्या. "माझं बघा, ताई." पाच पॉइंट आठ. दुसरीचं साडेसहा.

"मावशी, ही तुमच्या पुढं गेली."

"जाऊ दे की. अजून आठ दिवस वेलीवर ऱ्हाऊ दे, सोळाला टेकंल. मग पाठव परदेशी."

हसून झाल्यावर मावशींनी माझा आकडा पुन्हा विचारला. मी सांगितला. "म्हंजे तू पितीस ते तसंच्या तसं खाली जातंय," त्या म्हणाल्या. "मधी धरून ठेवणारं कोणी नाय."

नंतर मोठ्या डॉक्टरांनी जे निदान केलं ते याहून वेगळं नव्हतं.

मीटर मी तीनदा स्पिरिटने आणि तीनदा पाण्याने धुतलं. हे नोंदवून ठेवते, कारण इन्चार्जला एक सवय होती. मालाचा थेंब मीटरवर टाकला की आकडा बघून तो रस अंगठ्याने पुसायचा आणि अंगठा चाटायचा. चव कळते म्हणे. त्या दुपारी मी दारातून क्रेट नेत असताना तो अंगठा चाटत उभा होता. मीटर स्वच्छ होतं, शेतकऱ्याचा माल स्वच्छ होता, कोणाचं काही बिघडलं नाही. मला मात्र बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

शहरात हार्मोनच्या एक डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे मी आठवडाभर थांबून नंबर मिळवला. ब्रिक्सचं सांगितलं तेव्हा त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चारही आकडे लिहून घेतले. मग म्हणाल्या, "तीन दिवसांची नोंद हवी. किती वाजता गेलात, दिवसात किती वेळा. पेशंट लिहीत नाहीत, आठवेल तसं सांगतात, त्याचा उपयोग नसतो."

"कामावरची नोंद तयारच मिळेल," मी म्हणाले.

पुढचे तीन दिवस मी रोज निघताना इन्चार्जच्या वहीतली पानं मोबाइलवर घेतली. माझ्या नावाची पानं, आणि बाकीच्या बायकांच्या नोंदींचीही. डॉक्टरांनी ती मोठी करून बघितली. कामाच्या आठ तासांत एकदा अकरा वेळा, एकदा बारा. मिनिटासकट. त्याने समासात एका ठिकाणी 'ड्रामा' असं लिहिलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "हे कोण लिहितं?" मी सांगितलं, आणि त्या दुपारचंही सांगितलं. त्यांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. "ही पानं नीट जपून ठेवा," म्हणाल्या.

मग माझं पाणी तोडण्याची चाचणी झाली. सकाळी सात वाजता दवाखान्यात दाखल. पाणी बंद. दर तासाला वजन, लघवी, रक्त. एक नर्स खुर्ची टाकून समोर बसली. पेशंट बेसिनच्या नळाला तोंड लावतात, म्हणून पहारा, असं तिनेच सांगितलं. निरोगी माणसाचं पाणी तोडलं की दोन-तीन तासांत लघवी कमी होते, दाट होते. माझी होत नव्हती. अंगात पाणी येत नव्हतं तरी बाहेर जायचं थांबत नव्हतं. बारा वाजेपर्यंत माझं वजन दीड किलोने उतरलं. जीभ टाळूला चिकटायची आणि सोडवताना आवाज यायचा. पाण्याशिवाय दुसरा विचार येत नाही असं लोक सांगतात. मला येत होता. इथे वजनकाटा आहे, नर्स आहे, रक्त तपासायला डॉक्टर आहेत, आणि धोका वाटला तर चाचणी थांबणार आहे. त्या हॉलमध्ये यातलं काहीही नव्हतं. होता एक माणूस, आणि त्याच्या खिशात बिल्ला. त्या खुर्चीत बसून मी ठरवलं की हे पुढे न्यायचं. राग आला म्हणून त्या दिवशी ठरवलं असतं तर चार दिवसांत विरलं असतं. मी शांतपणे ठरवलं.

एक वाजता इंजेक्शन दिलं. त्यानंतर दोन तास मी गेलेच नाही. गेले तेव्हा थोडीशी झाली, आणि पिवळी. डिसेंबरनंतर मी पहिल्यांदा रंग बघत होते. नर्सने डबा उजेडात धरला. "आली लाइनवर," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. किडनी दिवसाला दीडशे लिटरच्या वर पाणी गाळते. बहुतेक सगळं ती आपणहून परत घेते, त्यासाठी कोणी सांगावं लागत नाही. शेवटचा वाटा परत घ्यायचा की सोडून द्यायचा, हे मात्र तिला मेंदूकडून कळावं लागतं. मेंदूच्या तळाशी रक्ताचा दाटपणा सतत जोखणारी एक जागा आहे. रक्त जरा दाट झालं की तिथून दोन गोष्टी होतात: आपल्याला तहान लागते, आणि खाली लोंबणाऱ्या हरभऱ्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून एक हार्मोन रक्तात सुटतं. ते किडनीला पोचलं की किडनी पाणी धरून ठेवते आणि लघवी दाट होते. रक्त पातळ झालं की हार्मोन थांबतं, जास्तीचं पाणी जातं. माझी तहान शाबूत होती. हार्मोन जवळजवळ नव्हतं. ते मेंदूतून ग्रंथीपर्यंत ज्या देठातून येतं, त्या देठाला इजा झालेली एमआरआयमध्ये दिसली.

"डोक्याला कधी मार लागला होता?" त्यांनी विचारलं.

"स्कूटीवरून पडले होते," मी म्हणाले. इतक्या वेळा सांगितलं होतं की जिभेवर तेच आलं. मग मी ते खोडलं आणि रॅम्पचं सांगितलं. त्यांनी केसपेपरवर तसं लिहिलं.

आजाराचं नाव ऐकून घरात पुन्हा शुगर-शुगर झालं, कारण नावात 'डायबेटिस' आहे. त्याच्याशी साखरेचा काही संबंध नाही. जुन्या काळी वैद्य लघवी चाखून बघत. एका डायबेटिसमध्ये ती गोड लागायची, दुसऱ्यात बेचव. माझा दुसरा. औषध म्हणजे सकाळ-संध्याकाळ एक छोटी गोळी, त्याच हार्मोनची नक्कल. एक ताकीद दिली: गोळी चालू असताना सवयीने पाणी पीत राहायचं नाही, तहान लागली तरच प्यायचं. नाहीतर पाणी अंगात साठतं, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. मावशींबद्दलही मी विचारलं. त्यांच्यात हे हार्मोन दिवसभर जिवाच्या आकांताने काम करत असतं, डॉक्टर म्हणाल्या, आणि असं वर्षानुवर्षं केलं की मुतखडे होतात, इन्फेक्शनं होतात.

एप्रिलच्या सुरुवातीला ऑडिट आलं. माल घेणारे परदेशी लोक माल बघतात तसे कामगारही बघतात, निदान कागदावर. आदल्या दिवशी राखीव संडासाचं कुलूप निघालं, हॉलच्या दाराशी दोन नवे जार आले, बिल्ला आणि वही टेबलावरून गेली. इन्चार्जने सगळ्यांना उभं करून पाठ करून घेतलं.

"पाणी?"

"मिळतं."

"बाथरूम?"

"कधीबी जातो."

मला त्याने परत क्वालिटीच्या टेबलावर बसवलं. ऑडिटरसमोर नीट बोलेल आणि मीटर चालवून दाखवेल अशी दुसरी कोणी नव्हती. "झालं गेलं विसरा मॅडम," तो म्हणाला. "आपण एक फॅमिली आहोत."

ऑडिटर पुण्याची एक बाई होती, तिशीची. माझ्या टेबलाशी आली, मणी पिळून बघितले, आकडा टिपून घेतला. इन्चार्ज तिच्या खांद्यामागे उभा. बोलायला तिने मजूर निवडले होते, त्यांत माझं नाव नव्हतं. ती पुढे निघाली तेव्हा मी म्हणाले, "मॅडम, संडासाची वही बघितली का?"

"कसली वही?"

"यांना बरं नसतं," इन्चार्ज मध्येच म्हणाला. "हार्मोनचा प्रॉब्लेम आहे. ट्रीटमेंट चालू आहे."

"हो, चालू आहे," मी म्हणाले, आणि मोबाइल तिच्या हातात दिला. पानं, वेळा, समासातला शब्द. मागून माझा केसपेपर, त्यात रॅम्प. "बिल्ला लाल रंगाचा आहे. त्यांच्या ड्रॉवरमध्ये असेल."

तिने ड्रॉवर उघडायला सांगितला. बिल्ला होता, वहीही होती. जाळून टाकायला त्याच्याकडे अख्खा दिवस होता. बायका बोलणार नाहीत याची त्याला खात्री असावी.

दहा दिवसांत सगळं सुधारा, नाहीतर माल बंद, असं मालकाला लेखी आलं. मालकाने तिसऱ्या दिवशी इन्चार्जला काढलं. बिल्ला गेला, दोन्ही संडास उघडे राहिले, रॅम्पवर मॅट आली. मी माझ्या टेबलावर.

मावशी मात्र माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. मग एकदा जेवताना म्हणाल्या, "माल बंद झाला असता तर?"

"झाला नाही."

"झाला असता तर? माझ्या घरात खाणारी पाच. तुझा नवरा सरकारी."

"मी तो विचार केला होता," मी म्हणाले. "तरी ती पानं दाखवलीच असती."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो खाल्ला आणि डबा बंद केला. मी खोटं बोलले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. पण ज्या बाईने माझ्यासाठी बादली लोटली तिच्याशी खोटं बोलायचं नव्हतं.

मे महिन्यात तो इन्चार्ज माझ्या घरी आला. म्हसरूळचा पत्ता कोणाकडून तरी काढला होता. मी दार उघडलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. आलेल्या माणसाला पाणी देतात. त्याला चांदवडला एका कांद्याच्या गोदामात काम मिळत होतं, निवडणीला साठ बायका. पण त्या गोदामाच्या मालकाच्या कानावर काहीतरी गेलं होतं.

"एक लेटर द्या मॅडम," तो म्हणाला. "तब्येत बरी नव्हती, मनःस्थिती ठीक नव्हती, त्यामुळे गैरसमज झाला. दोन ओळी. तुम्हाला तर खरंच आजार होता ना, झूठ थोडी आहे?"

"आजार होता."

"मग तेच लिहा. माझी मुलगी दहावीला आहे."

मी कागद घेतला आणि त्याच्यासमोर बसून लिहिलं. मला काय आजार होता, कशाने झाला. बिल्ला, वही, विसर्ग. ती दुपार, तारखेसह. माझं बोलणं आजारामुळे नव्हतं, आजार असताना जे केलं गेलं त्यामुळे होतं. खाली सही केली, मोबाइल नंबर घातला आणि कागद त्याला दिला. "हे दाखवा," मी म्हणाले.

त्याने पूर्ण वाचलं. मग घडी घातली, टीपॉयवर ठेवली आणि चपला घालून गेला. दारात थांबून म्हणाला, "एवढ्या दुश्मनीचा काय फायदा?"

"मला झाला," मी म्हणाले.

गोदामाच्या मालकाचा पत्ता मिळवायला मला दोन फोन करावे लागले. दुसऱ्या दिवशी तो कागद मी स्पीड पोस्टाने त्यांना पाठवला.

पुढच्या हंगामात मावशींना हे कळलं. मीच सांगितलं. "तिथं साठ बायका आहेत," मी म्हणाले.

"त्यांच्यासाठी धाडलं व्हय?"

"नाही. माझ्यासाठी."

त्यांनी दाराजवळच्या जारमधून पेला भरून घेतला, अर्धा प्यायल्या आणि उरलेला माझ्यापुढे धरला. मी नको म्हणाले. मला तहान नव्हती.